चितळाची पांढरी पाटी

पस्तीस-छत्तीस सालची गोष्ट. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो आणि नाशकातल्या एका खाजगी शाळेत इंग्रजी आणि सृष्टिज्ञान शिकवत होतो. नोकरी नवी होती, कोट नवा होता, आणि आपल्याला पुष्कळ कळतं असं मला मनापासून वाटत होतं.

आमच्या शाळेच्या मंडळावर एक रावसाहेब होते. रेल्वेच्या पुलांचे ठेके घेऊन ते वर आलेले. त्यांना जनावरांचा भारी नाद. गंगापूरच्या रस्त्याला त्यांची पेरूची बाग होती, तिच्या मागच्या अंगाला त्यांनी पिंजरे बांधून घेतले होते. एक बिबळ्या, एक अस्वल, हौदात एक मगर, एक अजगर, पाच-सहा माकडं, मोर, आणि जाळीच्या मोठ्या आवारात चितळाचा एक नर. तरस होतं, ते मेलं; त्याचा पिंजरा रिकामाच पडून होता. रविवारी दुपारी बाग सगळ्यांना उघडी असे. गावातले लोक टांग्यानं येत, खेड्यातले लोक बाजार किंवा गंगेवरचं, म्हणजे गोदावरीवरचं, काही कार्य आटोपून चालत येत.

एकदा कोणा पोरानं अस्वलाच्या पिंजऱ्यात हात घातला आणि थोडक्यात बचावला. तेव्हा रावसाहेबांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, "मास्तर, तुमचा या विषयाचा अभ्यास आहे. कोणतं जनावर किती धोक्याचं, याच्या पाट्या करून द्या. लोकांना आल्याबरोबर कळलं पाहिजे."

माझा अभ्यास म्हणजे वाचनालयातलं एक जाडं इंग्रजी पुस्तक. बिबळ्या मी उभ्या आयुष्यात त्याच बागेत पहिल्यांदा पाहिला होता. पण मी ते काम अगदी मनावर घेतलं. चार संध्याकाळी खपून मी जनावरांचा क्रम लावला. पहिला बिबळ्या, दुसरं अस्वल, तिसरी मगर, चौथा अजगर. यांच्यासाठी लाल पाट्या. माकडांना पिवळी. मोर आणि चितळ यांना पांढरी. चितळाच्या पाटीवर मी सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'चितळ. शाकाहारी, भित्रा व निरुपद्रवी.'

पाट्या लावायच्या दिवशी जनावरांची राखण करणारे चाचा माझ्याबरोबर हातोडी घेऊन फिरत होते. पन्नाशीचे गृहस्थ, मूळचे मनमाडकडचे मुसलमान. तरुणपणी एका सर्कशीबरोबर हिंडले होते. वयानं ते माझ्या वडिलांच्या बरोबरीचे, तरी मी त्यांना अरे-तुरे करत असे आणि ते मला मास्तरसाहेब म्हणत. आता लिहिताना मी त्यांना अहो-जाहो करतो आहे, तेव्हा करत नव्हतो, हे सांगून टाकलेलं बरं.

चितळाच्या फाटकापाशी आल्यावर ते खिळा हातात धरून थांबले. पाटीवर काय लिहिलंय ते त्यांनी मला वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं.

"मास्तरसाहेब, एक बोलू का? याला लाल पाटी लावा."

मी हसलो. "हरणाला? आणि बिबळ्याला मग काय लावू?"

"बिबळ्यालाही लालच. पण बिबळ्या सुटला ना, तर तो आधी झाडी बघेल, अंधार बघेल. माणसांच्या गर्दीत तो कशाला येतोय? त्याला आपली भीती असते. अस्वलापासून लोक आपणहून लांब राहतात. याचं तसं नाही. याला मी बाटलीनं दूध पाजून वाढवलंय. माणसाची भीती म्हणून याला ठाऊकच नाही. आणि चैत्र-वैशाखात नर मस्तीवर येतो. त्या दिवसांत माणूस समोर आला तर त्याला तो दुसरा नरच वाटतो. सर्कशीत असताना आमचा एक माणूस हरणानंच मारला. वाघानं नाही."

मी त्यांना म्हणालो, "तुझ्या सर्कशीतल्या गोष्टी राहू दे. पुस्तकात काय आहे ते मला माहीत आहे. मार तो खिळा."

त्यांनी खिळा मारला.

पाट्यांचं रावसाहेबांनी कौतुक केलं आणि दर रविवारी तिथं येऊन लोकांना माहिती सांगायला सांगितलं. मला तेच हवं होतं. मी कोट-टोपी घालून, हातात वेताची छडी घेऊन पिंजऱ्यांपुढून हिंडे आणि माझ्या मागून तीस-चाळीस माणसं येत. हटकून कोणीतरी विचारायचंच, "मास्तर, समजा सगळे पिंजरे एकदम उघडले, तर आधी कोणापासून पळायचं?" या प्रश्नाची मी वाटच पाहत असे. मग एकेका पिंजऱ्यासमोर थांबून मी क्रम सांगे: बिबळ्या किती लांब उडी मारतो, अस्वल झाडावर कसं चढतं, मगर पाण्याबाहेर किती पळू शकते. बायका पदर तोंडाला लावून ऐकत. शेवटी चितळापाशी येऊन मी म्हणे, "आणि हे सुटलं, तर तुम्ही नाही, तेच पळेल." लोक हसत. प्रत्येक रविवारी तेवढ्याच जोरात हसत, आणि मला प्रत्येक वेळी तेवढंच बरं वाटे.

चैत्र लागला तसे चाचा चितळाला सांभाळून असायला लागले. चारा टाकताना हातात आडवी बाज ढालीसारखी धरून आत जात. फाटकाची कडी लावून वर सुतळी बांधत. ती सुतळी पाहून मला राग आला. माझ्या पाटीवरचा तो अविश्वासच आहे, असं मला वाटलं.

त्या रविवारी ऊन फार होतं. माझ्यामागे नेहमीसारखी गर्दी होती. तिच्यात सायखेड्याचं एक शेतकरी जोडपं होतं. नवरा तिशीचा, बायको त्याहून लहान. कोणा नातेवाइकाच्या दहाव्यासाठी सर्व्हिस मोटारीनं नाशकात आले होते, ते परत जायच्या आधी बाग पाहायला आले. नवरा मगरीच्या हौदापाशी रेंगाळला. बायको माझ्यामागोमाग चितळापर्यंत आली. तिच्या हातात हिरव्या गवताची पेंडी होती, वाटेत कुठून तरी उपटलेली.

"मास्तर, ह्ये मारतं का?" तिनं विचारलं.

"पाटी वाच ना," मी म्हणालो.

"मला वाचता नाय येत."

लोक माझ्याकडे पाहत होते. मी छडीनं पाटीवर टकटक करून एकेक शब्द वाचून दाखवला. निरुपद्रवी म्हणजे काय, हेही सांगितलं. ती जाळीतून गवत आत सारायला लागली, पण जाळी बारीक होती, पेंडी आत जाईना. तेव्हा मी पुढं झालो. सुतळी सोडली, कडी काढली आणि फाटक हातभर उघडलं. म्हणालो, "ये, हातानं घाल. काही करत नाही ते."

चाचा तेव्हा बागेच्या दुसऱ्या टोकाला विहिरीवर होते.

चितळ चार-पाच पावलं पुढं आलं. मान खाली घातली. गवत हुंगतंय असं मला वाटलं. मग फाटक माझ्या हातातून निसटून मागं आपटलं आणि ते बाहेर आलं. त्याची पहिली धडक त्या बाईला लागली. ती बाजूला पडली, गवत उधळलं. लोक ओरडत पेरूच्या झाडांमधून पळाले.

मी त्या बाईकडे पाहिलं सुद्धा नाही. समोर तरसाचा रिकामा पिंजरा होता, दार उघडं होतं. मी आत शिरलो, दार ओढून घेतलं आणि गजांतून हात बाहेर घालून अडसर सरकवला. छडी आणि टोपी बाहेर पडली होती.

पहिल्या धडकेत त्या बाईला फारसं लागलं नव्हतं. कोपर खरचटलं होतं, बस. ती उठली आणि पिंजऱ्याकडे धावत आली. तिनं दोन्ही हातांनी गज धरले. तिचा चेहरा माझ्यापासून वीतभर अंतरावर होता.

"दार उघडा, मास्तर," ती म्हणाली. ओरडली नाही. शेजारणीला सांगावं तसं म्हणाली.

अडसर माझ्या हाताखालीच होता. माझी बोटं त्याच्यावर होती. तो सरकवून दार उघडायला आणि तिला आत घेऊन पुन्हा लावायला किती वेळ लागला असता, याचा हिशोब मी नंतर कितीतरी वेळा केला आहे. वेळ होता. चितळ तेव्हा लांब होतं, शिंगं झाडाच्या बुंध्यावर घासत होतं. मी मान हलवली. नाही म्हणून हलवली.

मग ते वळलं. तिचे हात गजांवरून सुटले तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते.

डोळे उघडले तेव्हा चाचा आले होते. हातात ती बाज होती. बाज आडवी धरून त्यांनी चितळाला कुंपणाशी दाबलं होतं आणि त्याच्याशी काहीतरी हळूहळू बोलत होते. एका शिंगानं त्यांचा उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत फाडला होता. बाईचा नवरा आणि आणखी दोघे धावत आले, त्यांनी दोर टाकला, सगळ्यांनी मिळून जनावर आत ढकललं. कडी चाचांनी रक्ताच्या हातानं लावली. मग ते तरसाच्या पिंजऱ्यापाशी आले.

"मास्तरसाहेब, आता बाहेर या," ते म्हणाले.

त्यांच्या आवाजात काहीच नव्हतं. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

बाईच्या मांडीला जखम झाली होती आणि कमरेचं हाड मोडलं होतं. तिला आणि चाचांना एकाच टांग्यातून दवाखान्यात नेलं. संध्याकाळी रावसाहेबांनी बंदुकीनं चितळ मारलं. त्यानंतर त्यांच्या ओसरीवर फौजदार आले. मला खुर्ची दिली, पाणी दिलं. कडी काढताना लोकांकडे माझी पाठ होती आणि पळताना त्यांची, त्यामुळे बाकी कोणाला धड काही सांगता येत नव्हतं. फाटक कसं उघडलं, एवढाच प्रश्न होता.

रावसाहेब म्हणाले, "मास्तर, नीट आठवून सांगा. यात शाळेचंही नाव आहे."

मी आठवल्यासारखं केलं. "मी तिथं गेलो तेव्हा कडी निघालेलीच होती," मी म्हणालो.

फौजदारांनी ते लिहून घेतलं. मी चाचांचं नाव घेतलं नाही. या एका गोष्टीवर मी पुढं पुष्कळ दिवस स्वतःची समजूत काढली. पण कडी लावणं हे कोणाचं काम होतं, ते त्या ओसरीवर सगळ्यांना माहीत होतं, आणि मलाही माहीत होतं. चाचा तेव्हा दवाखान्यात हाताला टाके घालून घेत होते. दुसऱ्या दिवशी रावसाहेबांनी त्यांना बागेतली खोली रिकामी करायला सांगितली.

शाळेत माझी विचारपूस झाली. मुख्याध्यापकांनी, मी सुखरूप वाचलो म्हणून, मुलांसमोर चार शब्द सांगितले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी खाली बघत उभा होतो. मुलांना तो विनय वाटला असावा.

श्रावणात मला राहवेना. मी गाडीनं मनमाडला गेलो. चाचा तिथं त्यांच्या मुलीकडे, रेल्वेच्या चाळींमागे राहत होते, एवढं बागेच्या माळ्याकडून कळलं होतं. ते स्टेशनाबाहेर टांग्याच्या घोड्यांना पाणी पाजताना सापडले. उजव्या हाताची दोन बोटं मिटत नव्हती. बादली डाव्या हातानं उचलत होते.

"कसे आहात तुम्ही?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आज अहो-जाहो?" ते म्हणाले, आणि घोड्याच्या मानेवरून हात फिरवत राहिले.

मी त्यांना सगळं सांगितलं. सुतळी मी सोडली, कडी मी काढली, आणि फौजदारांपुढं खोटं बोललो. सांगताना माझा गळा दाटून आला, आणि त्याचीही मला मनात कुठंतरी थोडी फुशारकी वाटली, असं आज वाटतं.

"हे मला काय सांगता?" ते म्हणाले. "सुतळीची गाठ मी बांधली होती. ती आपोआप सुटत नाही, एवढं मला कळतं."

"मग तुम्ही रावसाहेबांना सांगितलं का नाही?"

"मला कोणी विचारलंच नाही."

स्टेशनात गाडी शिटी देत होती. मग मी म्हणालो, "मी रावसाहेबांना खरं काय ते सांगतो. तुम्हाला परत बोलावतील."

"परत नाही यायचं मला. ज्याला बाटलीनं पाजलं तोच नाही राहिला. पण सांगाल तर सांगा. माझ्या जावयाला लोक विचारतात, सासऱ्यानं काय केलं म्हणून. सांगाल ना?"

"सांगेन."

"बरं," ते म्हणाले. मग म्हणाले, "आणि त्या बाईला भेटून आलात का? भेटून या."

नाशकात आल्यावर मी रावसाहेबांकडे गेलो. खरोखर गेलो. ते दिवाणखान्यात बसले होते. त्यांनी मला पुढच्या वर्षी कायम करायचं ठरल्याचं सांगितलं. मी त्यांचे आभार मानले, चहा घेतला आणि घरी आलो. पुढं आणखी दोनदा तसाच गेलो आणि तसाच आलो. मग ते आजारी पडले, आणि आजारी माणसाला कशाला त्रास द्यायचा, असं मी ठरवलं. ते वारले तेव्हा स्मशानात उभा असताना माझ्या मनात दुःख नव्हतं. सुटल्यासारखं वाटत होतं. ते मला तिथंच कळलं.

पण हे पुढचं झालं. मनमाडहून आलो त्याच वर्षी, दसरा झाल्यावर, मी सायखेड्याला गेलो. सर्व्हिस मोटारीनं उतरलो, घर विचारत गेलो. गोदावरीच्या काठानं थोडं आत, वस्तीच्या टोकाला त्यांचं घर होतं. अंगणात भुईमुगाचा ढीग पडला होता आणि ती बाई भिंतीला टेकून वेलांच्या शेंगा तोडत होती. शेजारी काठी होती. माझ्याकडे पाहून तिचे हात थांबले, मग पुन्हा चालू झाले.

नवऱ्यानं घोंगडी टाकली. त्याला मी आलो याचा आनंद झाला होता. "मास्तर इतक्या लांब आले, ह्ये लय झालं," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "तुमी बी थोडक्यात वाचला बगा. त्या राखण्यानं कडी लावली असती तर ह्ये काय झालं नसतं. पन हात फाडून घेतला बिचाऱ्यानं, म्हनून म्या काय बोललो नाय." मी मान हलवली. तो चहासाठी दूध आणायला शेजारी गेला.

आम्ही दोघंच राहिलो. काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "चालता येतं का आता?"

"काठीनं येतं. वाकता नाय येत. पान्याची घागर घेता नाय येत."

"मी त्या दिवशी..."

"म्या त्यांना सांगितलं नाय," ती म्हणाली. शेंगा तोडतच होती. "तुमी कडी काढली ते, आनि मला आत घेतलं नाय ते."

मी विचारलं, "का नाही सांगितलं?"

"ते लय तापट हायेत. तुमच्या अंगावर गेले असते. मंग पोलीस, मंग कोर्ट. माझा पाय तर हाय तसाच राहनार." ती थांबली. "दवाखान्यात म्या लय इचार केला. वाटलं, तुमाला दिसलंच नसंल. भ्यालं की मानसाला दिसत नाय. पन तुमी मान हलवली."

"हो," मी म्हणालो.

"मंग दिसलं व्हतं."

"हो."

तिनं पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. मला वाटलं, आता ती काहीतरी म्हणेल, शिव्या देईल, रडेल. ती म्हणाली, "चा घ्या आनि जावा. पन परत येऊ नका, मास्तर. तुमी आला की मला ते सारं दिसतं."

मी बरं म्हणालो. नवरा दूध घेऊन आला. मी चहा प्यालो. त्यानं मला गावातली शाळा, पडलेला पाऊस, शेंगांचा उतारा, सगळं सांगितलं. ती मधूनच हं म्हणत होती, बाहेरून आलेल्या पाहुण्यासमोर म्हणावं तसं. निघताना मी तिला नमस्कार केला. तिनंही केला.

नवरा मोटारीपर्यंत पोचवायला आला. वाटेत त्यानं उपरण्यात बांधलेल्या ओल्या शेंगा माझ्या हातात दिल्या. मी नको नको म्हणत होतो. तो ऐकेना. "तिनं तोडल्यात," तो म्हणाला. "रिकाम्या हातानं पाठवलं तर तिला वाईट वाटंल." मोटार सुटायला आली होती, लोक बघत होते. मी शेंगा घेतल्या.

घरी आलो तेव्हा आई चुलीपाशी होती. तिनं शेंगा निवडल्या, मीठ घालून उकडायला ठेवल्या. ताज्या आहेत म्हणाली. मग विचारलं, "कोणी दिल्या रे?"

"शाळेतल्या एका मुलाच्या वडलांनी," मी म्हणालो.

आईला बरं वाटलं. लोक तुला मान देतात, म्हणाली. तिनं ताटलीत वाढल्या आणि समोर बसून राहिली, म्हणून मला खाव्या लागल्या.